कयाक स्लॅलममधे करिअर करायचंय? आधी पाण्यावरच्या तासांची सोय बघा

कयाक स्लॅलम सिरियसली करायचं म्हणणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा नाव कुठली घेऊ, पॅडल किती लांब हवं, जिममधे काय करू असे असतात, आणि हे प्रश्न बरोबरच आहेत पण दुसऱ्या नंबरचे आहेत. पहिला प्रश्न हा, की आठवड्यातले किती तास तुम्ही वाहत्या पाण्यावर काढू शकता आणि ते पुढची आठ-दहा वर्षं जमणारे का. कारण रेस म्हणजे सगळी मिळून दीड मिनिटाची गोष्ट. तेवढ्यात विचार करायला वेळच नसतो, हात आणि कंबर जे शिकलेत तेच बाहेर येतं, आणि ते शिकायला पाण्यावर जाऊन बसण्याशिवाय दुसरा रस्ता नाहीये. म्हणून खाली मी सगळं याच अंगाने सांगणारे, कुठे राहायचं, कसं शिकायचं, टीममधे कसं शिरायचं, पैसे कुठून येतात, सगळं.

आधी खेळ थोडक्यात, ज्यांना माहितीये त्यांनी सरळ पुढे जा. कयाक म्हणजे पाय पुढे करून बसायची, दोन पात्यांच्या पॅडलने वल्हवायची एकट्याची नाव. दोन-चारशे मीटरचा खळाळत्या पाण्याचा पट्टा, त्यावर तारांना लटकवलेली १८ ते २५ गेट्स. गेट म्हणजे दोन दांड्या. हिरवी-पांढरी असली तर प्रवाहाबरोबर खाली जाताना पार करायची, लाल-पांढरी असली तर वळून प्रवाहाच्या विरुद्ध वर चढत पार करायची, आणि अशी लाल गेट्स निदान सहा असतातच. दांडीला पॅडल, नाव, हेल्मेट, खांदा, काहीही लागलं की वेळात २ सेकंद वाढतात, गेट चुकलं की ५०, म्हणजे कारभार आटोपलाच. गेट झालं असं कधी धरतात, तर अख्खं डोकं आणि नावेचा थोडातरी भाग दोन दांड्यांमधल्या रेषेवरून गेला पाहिजे. दांड्यांची टोकं पाण्याच्या थोडी वर असतात त्यामुळे नावेचं चपटं नाक किंवा शेपूट दांडीच्या खालून सरकवता येतं, आणि वरच्या लेव्हलचे लोक जी लाइन, म्हणजे गेटमधून जायची वाट, घेतात ती बघून नवीन माणसाला वाटतं की हा गेटला धडकणार, पण नाव खालून निघून जाते आणि डोकं तेवढं बरोबर आतून जातं.

त्या २ सेकंदांची किंमत काय ते ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सकडे बघून कळतं. टोकियो ऑलिंपिकला, म्हणजे २०२१ मधे, कयाकच्या फायनलमधे ती सगळ्यात फास्ट होती पण दोन दांड्यांना लागली, ४ सेकंद वाढले, आणि ब्रॉन्झवर आली. गोल्ड जर्मनीच्या रिकार्डा फुंकला, सिल्व्हर स्पेनच्या मायालेन चोराउतला. ते ४ सेकंद नसते तर गोल्ड फॉक्सचंच होतं. दोनच दिवसांनी तिने कनूमधे, म्हणजे गुडघ्यांवर बसून एका पात्याच्या पॅडलने चालवायच्या नावेत, गोल्ड मारलं आणि पुढे पॅरिसला २०२४ मधे कयाक आणि कनू दोन्हीत, त्यामुळे तिचं काही अडलं नाही, पण तुमच्या-माझ्या लेव्हलला दोन टच म्हणजे फायनलच्या बाहेर. यावरून काही कोच मुलांना दांड्यांची इतकी भीती घालतात की मुलं गेटपासून हातभर लांबून जायला लागतात आणि प्रत्येक गेटला अर्धा सेकंद सोडतात. वीस गेट्सचा हिशोब तुम्हीच करा. माझं मत असं की पहिली काही वर्षं लाइन शिकावी, टच झाला तर होऊ द्यावा पण तो कशामुळे झाला ते दर वेळी बघावं, आणि क्लीन, म्हणजे एकही दांडी न लागलेल्या, रनचा आग्रह रेसच्या आधीच्या काही आठवड्यांत धरावा.

सुरुवात कधी करायची? बरेच मोठे खेळाडू आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान नावेत बसलेले असतात, आणि आईवडील पॅडलर असण्याचा फायदा या खेळात इतका आहे की चिडचिड व्हावी. फॉक्सचे वडील रिचर्ड फॉक्स कयाकचे पाच वेळचे वर्ल्ड चॅम्पियन, आई मिरियम १९९६ ची ऑलिंपिक ब्रॉन्झवाली, बहीण नोएमी पॅरिसला कयाक क्रॉसमधे (चौघांची एकदम होणारी रेस, खाली सांगतो) गोल्ड. पण घरचं बाळकडू नसलं तरी चालतं, फक्त क्लब लागतो. पंधरा-सोळाला सुरू करून देशाच्या टीमपर्यंत जाणं अवघड आहे, अशक्य नाही, मात्र तेव्हा पोहण्याची, जिम्नॅस्टिक्सची किंवा असल्या कुठल्यातरी खेळाची जुनी तयारी अंगात असेल तर बरंच सोपं जातं.

पहिलं वर्ष असं घालवा. पोहता आलंच पाहिजे, तेही वाहत्या पाण्यात हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून, पाय पुढे करून पाठीवर तरंगत खाली जायचं आणि उथळ पाण्यात उभं राहायचा मोह टाळायचा, खडकात पाय अडकला तर प्रवाह माणसाला खाली दाबून धरतो. मग नाव उलटल्यावर स्प्रे डेक, म्हणजे कंबरेभोवती बसून नावेचं तोंड झाकणारं कव्हर, ओढून बाहेर यायचं. मग रोल, म्हणजे उलटलेली नाव आत बसल्या बसल्या सरळ करणं, आणि हा रोल दोन्ही बाजूंनी आला पाहिजे, एकाच बाजूचा रोल म्हणजे अर्धा रोल. रोलमधली ताकद हातात नसते, कंबरेच्या झटक्यात असते, आणि डोकं पाण्यातून सगळ्यात शेवटी बाहेर काढायचं असतं. लोक नेमकं डोकंच आधी वर काढतात कारण श्वास हवा असतो. रेसमधे रोल मारला तर वेळ जातो पण रन चालू राहतो, नावेच्या बाहेर पडलात की रन गेला.

यानंतर सगळ्यांना घाई असते मोठ्या पाण्यात उतरायची. नका उतरू. संथ पाण्यावर गेट्स लटकवून सराव करणं हे या खेळातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कामाचं काम आहे. तिथे पाण्याची मदतही नसते आणि अडथळाही नसतो, त्यामुळे नाव वळली नाही तर दोष कुणाचा ते लगेच कळतं. सरळ जाताना नाव डावी-उजवीकडे मान हलवते का, वळताना स्पीड किती पडतो, वळणानंतर पहिला स्ट्रोक कधी लागतो, हे सगळं तिथे बघायचं. ऑलिंपिक मेडलवाले लोकसुद्धा हिवाळाभर हेच करत असतात.

वाहतं पाणी वाचणं हा पुढचा धडा आणि तो कधीच संपत नाही. खडकाच्या मागे पाणी उलटं वर वाहतं त्या जागेला एडी म्हणतात, मुख्य धार आणि एडी यांच्यामधली जी थरथरणारी सीमा ती एडी लाइन, आणि स्लॅलममधले जवळपास सगळे निर्णय या सीमेवर होतात. ती ओलांडताना नाव आतल्या बाजूला कलवायची, उलटी कलवली तर धार नावेच्या काठावर चढते आणि तुम्ही पाण्याखाली. कलवायचं कंबरेतून आणि गुडघ्यातून, वरचं अंग सरळ ठेवून. प्रवाहाला तिरकं तोंड करून एका काठावरून दुसऱ्या काठाला सरकायचं त्याला फेरी म्हणतात, ती लाटेच्या उतारावर बसून केली तर दोन स्ट्रोकमधे होते आणि लाट चुकली तर सहा लागतात. किनाऱ्यावर बसून तासभर नुसतं पाणी बघायची सवय लावा, फांदी-बिंदी टाकून ती कुठे जाते ते बघा. लाट एका जागी उभी दिसते पण ती श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते, होल, म्हणजे खाली पडलेलं पाणी जिथे उलटं मागे वळतं ती जागा, कधी भरतं कधी फुटतं, आणि हा ताल ज्याला कळतो तो दुसऱ्यापेक्षा कमी दमतो.

आता लाल गेट, म्हणजे अपस्ट्रीम. यावर जरा जास्त बोलतो कारण रेस इथेच जिंकली-हरली जाते. खालून बघताना वाटतं की माणूस वेगात आला, एडीत घुसला, वळला, वर गेला, निघाला. खरं काम एडीत शिरायच्या दोन स्ट्रोक आधी होतं. नाव कुठल्या कोनात आहे आणि किती वेगात आहे हे तिथेच ठरतं, तो कोन चुकला की नंतर पॅडल कितीही आपटा. शिरताना नजर गेटवर, गेटच्याही पलीकडे, म्हणजे बाहेर पडल्यावर जिथे जायचंय तिथे. मग आतल्या बाजूला पॅडलचं पातं उभं रोवायचं, वरचा हात कपाळासमोर, आणि नाव त्या पात्याभोवती फिरवायची. या स्ट्रोकला डफेक म्हणतात, मिलो डफेक या चेक पॅडलरच्या नावावरून, ज्याने तो १९५३ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे वापरून दाखवला आणि त्यानंतर कयाक वळवायची रीतच बदलली. डफेक मारताना नवीन लोक हात लांब मागे नेतात, तसं नको. धड वळवा, हात धडाबरोबर येऊ द्या, पातं नेहमी नजरेच्या टप्प्यात राहिलं पाहिजे, याचं एक कारण ताकद आणि दुसरं कारण खांदा, जो मागे राहिलेल्या हातावर पाणी आदळलं की निखळतो.

वळताना शेपूट पाण्याखाली बुडवून नाक उचलायची ट्रिक तुम्ही पाहिली असेल, नाव जवळपास उभी राहून गर्रकन फिरते, दिसायला भारीच. पूर्वी नावेची कमीत कमी लांबी ४ मीटर असायची, २००५ पासून ती ३.५ मीटर झाली, शेपटी अजून पातळ झाल्या आणि हे वळण सगळ्यांच्या हातात आलं. पण ते फुकट मिळत नाही. नाक जास्त वर गेलं तर नाव फिरते पण पुढे जात नाही, खाली येईपर्यंत तुम्ही नुसते बसून. गेट एडीत खोल असेल तर सपाट वळणच बरं पडतं, अगदी एडी लाइनवर टांगलेलं असेल तर शेपूट बुडवा. कोणतं कधी हे सांगणारा फॉर्म्युला नाही, शंभर एड्या करून बघाव्या लागतात, म्हणून तर मघापासून तासांबद्दल बोलतोय.

नावेबद्दल आता. लांबी ३.५ मीटर, रुंदी कमीत कमी ६० सेंटीमीटर, कार्बन-केव्हलारची, वजन नऊ किलोच्या आसपास. चेक गालास्पोर्ट आणि स्लोव्हाक वायदा या कंपन्यांच्या नावा तुम्हाला सगळीकडे दिसतील. पहिली नाव सेकंडहँड घ्या, थोडी जड आणि पक्की, कारण ती खडकांवर आपटणारच आहे. नावेच्या मॉडेलपेक्षा आतली बैठक महत्त्वाची, मांड्या आणि कुल्ले असे घट्ट बसले पाहिजेत की तुम्ही कंबर हलवली की नाव हलते, पण इतकेही घट्ट नाही की उलटल्यावर बाहेर येता येत नाही. पाय सुन्न होत असतील तर सीट चुकीची आहे, अंगवळणी पडेल म्हणून सहन करत बसू नका. फोम घासून, टेप लावून हे सगळं स्वतः करायचं असतं. रिपेअरिंगही शिका, कापड, रेझिन, सँडपेपर. टोकियोत फॉक्सच्या नावेच्या नाकावर केलेला कार्बनचा पॅच नीट घट्ट बसावा म्हणून त्यावर चक्क कंडोम ताणून चढवला होता, तो व्हिडिओ जगभर फिरला, आणि त्यानंतर त्याच नावेत ब्रॉन्झ आलं.

आता मुद्द्याचं, राहायचं कुठे. तुमच्या घरापासून स्लॅलम कोर्स चार तासांवर असेल तर वीकेंड पॅडलर म्हणून मजेत राहाल, करिअर होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. जगातले बहुतेक चांगले स्लॅलमवाले कोर्सपासून सायकलच्या अंतरावर राहतात. युरोपात ऑग्सबुर्ग, प्राग-ट्रोया, ल्युब्लियानाजवळचं टात्सेन, ब्रातिस्लाव्हाजवळचं चुनोवो, फ्रान्समधलं पो, स्पेनमधलं ला सेऊ द'उर्जेल, लंडनजवळचं ली व्हॅली, ही सगळी अशी गावं आहेत जिथे खेळाडू शिकायला किंवा नोकरीला म्हणून येतात आणि खरं तर पाण्यासाठी आलेले असतात. ऑस्ट्रेलियात पेनरिथ आहे, सिडनी ऑलिंपिकचा कोर्स, आणि युरोपात गारठा पडला की अर्धं सर्किट तिथे जाऊन बसतं. कोर्स निवडताना दोन गोष्टी विचारा. पाणी कसं येतं? ऑग्सबुर्गसारखं नदीचं पाणी उतारावरून आपोआप येत असेल तर तास जास्त मिळतात, पंपावर चालणाऱ्या कोर्सवर पंप चालू असेल तेवढाच वेळ, आणि त्यातही राफ्टिंगवाल्या पर्यटकांबरोबर वाटणी. आणि दुसरं, तिथे तुमच्यापेक्षा फास्ट माणसं रोज असतात का? एकट्याने मोठ्या कोर्सवर घातलेल्या वर्षापेक्षा लहान कोर्सवर चांगल्या ग्रुपमधे घातलेलं वर्ष जास्त देतं. ही गोष्ट माझ्या लेखी कोचपेक्षाही वरची आहे.

आणि सगळं आयुष्य एकाच कोर्सवर काढू नका. प्रत्येक पाण्याचा स्वभाव वेगळा. टात्सेनला सुरुवातच बंधाऱ्यावरून खाली घसरण्याने होते, ऑग्सबुर्गला काँक्रीटच्या भिंतींवरून पाणी परत आदळतं, काही नव्या कोर्सवर प्लॅस्टिकचे ब्लॉक हलवून पाणीच बदलून टाकतात. घरच्या पाण्याचा राजा आणि बाहेर गेला की फायनलच्या आसपासही नाही, अशी माणसं प्रत्येक क्लबात एक तरी असते.

आठवडा कसा असतो? सिरियस सिनियर खेळाडू साधारण सहा दिवस, बहुतेकदा दिवसातून दोन सेशन करतो. त्यात पाण्यावरच्या सेशनचे प्रकार वेगळे. फुल लेंग्थ म्हणजे रेसएवढा पूर्ण रन, मधे भरपूर आराम, असे थोडेच. शॉर्ट म्हणजे चार-सहा गेट्सचा तुकडा, परत परत. लूप म्हणजे खाली-वर गोल फिरत दम वाढवायचा. मग सपाट पाण्यावर लांब, हळू पॅडलिंग, जे दीड मिनिटाच्या खेळाला कशाला हवं असं वाटतं पण दीड मिनिटाच्या जोरातही जवळपास अर्धं काम शरीराचं ऑक्सिजनवर चालणारं इंजिन करतं, शिवाय एका सेशनमधे आठ चांगले रन करायला दम तोच पुरवतो. जिममधे खेचणं जितकं तितकंच ढकलणं ठेवा, पॅडलर लोक पुल-अप आणि बेंच पुलवर खूश असतात आणि खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंकडे बघत नाहीत. प्रत्येक पाण्याच्या सेशनचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बघा. दुसऱ्या कुणाच्या रनशेजारी आपला रन लावून गेटगणिक वेळ काढला की कळतं, बहुतेक वेळा आपण जिथे हरलो असं वाटतं तिथे हरलेलोच नसतो, त्याच्या दोन गेट आधी हरलेलो असतो.

रेसच्या दिवसाची गंमत अशी की कोर्सवर आधी सराव करायला मिळत नाही. गेट्स लावली जातात, कुणीतरी दुसरे पॅडलर डेमो रन देतात, तुम्ही काठाने चालत बघायचं, आणि मग थेट रेस. सुरुवातीच्या फेरीनंतर गेट्स पुन्हा बदलतात. म्हणजे वीस-बावीस गेट्सची लाइन, प्रत्येक स्ट्रोकची बाजू, सगळं डोक्यात बसवून यायचं. काठावर डोळे मिटून, हवेत हात वल्हवत, कंबर हलवत उभी असलेली माणसं दिसतात ती हेच करत असतात, नवख्या माणसाला वेडी वाटतात. ही सवय सरावातच लावा. मित्राला गेट्स बदलायला सांगा, दहा मिनिटं बघा, एकच रन करा आणि त्याचाच वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या रनला सगळेच सुधारतात, रेस पहिल्याचीच असते. आणि डेमोवाल्याने घेतलेली लाइन बघून घाबरू नका, तो तुमच्यापेक्षा हळू असेल तर त्याला लाट वेगळ्या ठिकाणी भेटणार. एक गेट दोन पद्धतींनी करता येत असेल तर दोन्ही डोक्यात ठेवा पण पहिली पसंती पक्की करून जा, पाण्यावर ठरवू म्हणालात की दोन्ही जातात.

शिडी अशी चढायची. आधी क्लबच्या आणि देशातल्या रँकिंग रेस, मग ज्युनियर टीम, ज्युनियर म्हणजे १५ ते १८ वयाचे, मग २३ खालचे, या दोघांची वर्ल्ड चॅम्पियनशिप दरवर्षी होते, मग सिनियर वर्ल्ड कप आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप. वर्ल्ड कपला एका देशाच्या एका प्रकारात तीन नावा जातात. ऑलिंपिकला एकच. त्यात जागा मिळते ती देशाला, खेळाडूला नाही, म्हणजे तुम्ही वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे कोटा कमावून आणायचा आणि घरच्या सिलेक्शनमधे दुसऱ्याने तो घेऊन जायचा, असं होतंच. ब्रिटनचा जो क्लार्क २०१६ चा ऑलिंपिक चॅम्पियन, टोकियोच्या टीममधे त्याला जागा मिळाली नाही. म्हणून मजबूत देशात जन्मलेल्या मुलांसाठी सिलेक्शन रेस हीच खरी ऑलिंपिक असते आणि वर्षातला सगळ्यात चांगला फॉर्म तिथेही गाठावा लागतो, मग उन्हाळ्यात पुन्हा. तुमच्या फेडरेशनची सिलेक्शन पॉलिसी हिवाळ्यातच शब्दन् शब्द वाचा. किती रेस धरतात, सगळ्यात वाईट रेस सोडून देतात का, आजारी पडलात तर काय, वर्ल्ड कपच्या निकालाला किती मार्क. भांडणं सगळी यावरूनच होतात आणि तेव्हा वाचायला उशीर झालेला असतो.

दोन देशांचं नातं असलेल्यांनी बेंजामिन बुकपेती आठवावा. फ्रान्समधे जन्मलेला, वडिलांकडून टोगोचा, फ्रान्सच्या त्या गर्दीत ऑलिंपिकची एक जागा मिळवणं म्हणजे काय ते वर सांगितलंच, तो टोगोकडून खेळला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला कयाकमधे ब्रॉन्झ, टोगोचं इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक मेडल. आनंदाच्या भरात त्याने पॅडल नावेवर आपटून मोडलं. छोट्या देशाकडून खेळताना सिलेक्शनची डोकेदुखी कमी होते पण फिजिओ, कोच, व्हिडिओ, तिकिटं हे सगळं स्वतःच्या अंगावर येतं, हेही बघून ठेवा.

पैशांचं थोडक्यात सांगतो कारण सांगण्यासारखं फार नाहीच. बक्षिसांच्या रकमेवर घर चालत नाही. मोठा स्पॉन्सर मूठभरांना मिळतो, बाकीच्यांना नाव-पॅडल फुकट किंवा सवलतीत मिळालं तरी खूप. खरा आधार दोनच, फेडरेशनची ग्रँट, जी मेडलच्या आशेवर मिळते आणि खराब सीझननंतर बंद होते, आणि काही देशांत लष्कर किंवा पोलिसांच्या क्रीडा तुकड्या. इटली, जर्मनी, चेक रिपब्लिकमधे बरेच पॅडलर असे पगारावर असतात, पॅरिसला कयाकमधे गोल्ड घेणारा इटलीचा जोवान्नी दे जेन्नारो काराबिनिएरीचा, म्हणजे तिथल्या लष्करी पोलिसांचा. हे नसेल तर घर, अर्धवेळ काम आणि शिक्षण यांची घडी घालावी लागते. शिक्षण सोडू नका, लांबवा. चार वर्षांची डिग्री सहा-सात वर्षांत करणारे या खेळात खूप आहेत, आणि फॉर्म हरवलेल्या वर्षात दुसरं काहीतरी चालू असणं डोक्यासाठी फार बरं असतं.

शरीराकडे वळू. खांदा सगळ्यात आधी जातो, मग मनगट, मग पाठीचा खालचा भाग, कारण पाय लांब करून बसून पिळत राहायचं असतं. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर नावेत नीट बसताच येत नाही, म्हणून स्ट्रेचिंग टाळू नका. थंड पाणी आणि वारा यांनी कानाच्या नळीत हाड वाढत जातं, सर्फर लोकांना होतं तेच, आणि ते हळूहळू होतं त्यामुळे लक्षात येत नाही, पहिल्या हिवाळ्यापासून इअरप्लग घाला. पाणी पोटात जातंच, नद्यांमधे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, पाण्यावरून आल्यावर ताप आणि अंगदुखी झाली तर डॉक्टरला आपण नदीत असतो हे आपणहून सांगा. वजनाच्या मागे लागू नका. हलका माणूस नाव लवकर फिरवतो हे खरं, पण मोठ्या होलमधून बाहेर पडायला ताकद लागते, आणि वाढीच्या वयातल्या मुलींना वजन कमी कर म्हणणारा कोच दिसला तर क्लब बदला.

कयाक क्रॉस करावं का? पॅरिस २०२४ पासून ते ऑलिंपिकमधे आहे. चौघं एकदम उंच रॅम्पवरून प्लॅस्टिकच्या नावांतून पाण्यात पडतात, पाण्यावर टांगलेल्या फुगवलेल्या बॉयांभोवती (मोठ्या फुग्यांभोवती) वळतात, एका ठिकाणी सक्तीचा रोल, आणि धक्काबुक्की चालते. जुन्या लोकांना तो तमाशा वाटतो, मला सुरुवातीला वाटायचा. पण हिशोबाने बघा, स्लॅलमच्या एका जागेवर टांगलेल्या खेळाडूला दुसरा दरवाजा उघडा झालाय, तोच जो क्लार्क क्रॉसमधे वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि पॅरिसला सिल्व्हर घेऊन आला. आधी स्लॅलम पक्कं करा, क्रॉस त्यावर चढतं, उलटं सहसा होत नाही. मुलींनी तर कनूही शिकून ठेवावा, गुडघ्यांवर बसून एका पात्याच्या पॅडलचा, २०२१ पासून महिलांचा कनू ऑलिंपिकमधे आहे आणि दोन्ही करणाऱ्या कमी नाहीत. दोन नावांचं ट्रेनिंग करताना तास मात्र वाटले जातात, म्हणून सतरा-अठरापर्यंत दोन्ही, मग कुठली मुख्य ते ठरवावं.

हे सगळं किती वर्षं चालतं? बऱ्यापैकी लांब. पाणी वाचायची अक्कल वयाबरोबर वाढते आणि ताकद जरा कमी झाली तरी ती भरून काढते. चेक रिपब्लिकची श्तेपांका हिल्गेर्तोवा १९९२ पासून २०१२ पर्यंत सहा ऑलिंपिक खेळली, त्यात १९९६ आणि २००० ला गोल्ड, शेवटच्या वेळी ४४ वर्षांची होती. मायालेन चोराउतने मुलगी झाल्यावर २०१६ चं गोल्ड घेतलं आणि ३८ व्या वर्षी टोकियोचं सिल्व्हर. त्यामुळे चोविसाव्या वर्षी सिनियर टीममधे नाही म्हणून रडत बसायचं कारण नाही, पण तीन सीझन सलग सिलेक्शनच्या वेळा पुढच्याच्या जवळ सरकत नसतील तर कोचबरोबर बसून आकडे बघा, तास वाढवता येतात का, कोर्स बदलता येतो का, आणि दोन्हीचं उत्तर नाही असेल तर पुढचं ठरवा.

पुढचं म्हणजे काय, तर कोचिंग सगळ्यात सरळ, त्याचं सर्टिफिकेट खेळत असतानाच करून घ्या, म्हणजे कोर्सजवळचं राहणं त्याच कामातून परवडतं. काहीजण नावा बनवायला लागतात, काही कोर्स डिझाइन आणि गेट लावण्याकडे जातात. फ्रान्सच्या तोनी एस्तांगेसारखा, कनूची तीन ऑलिंपिक गोल्ड घेऊन अख्ख्या पॅरिस ऑलिंपिकचा प्रमुख होणारा, एखादाच. गेट जजची परीक्षा तर खेळत असतानाही देता येते, आणि एक पूर्ण दिवस एकाच गेटशेजारी बसून नव्वद माणसं ते कसं करतात हे बघितलं की अपस्ट्रीमबद्दल जे कळतं ते पाण्यावर बसून कळत नाही, त्यामुळे हे काम विशीतच एकदा करून बघा.